थॉर्नवेलांची सून

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात पंखा होता, पण तो लावायचा नाही असा साहेबांचा दंडक होता. मे महिन्यात चिंचवडच्या त्या पत्र्याखाली आम्ही घामाने निथळत असायचो आणि डोक्यावर पंखा नुसता शोभेला टांगलेला. कागद उडतात, हे कारण. बरं, वजनं ठेवावीत तर वजनाखाली कागद ताणला जातो आणि रेघ हलते म्हणे. एकदा मॅनेजर आले आणि स्वतःच्या हाताने बटण दाबून गेले. साहेब स्टुलावर चढले, पंख्याची वायर सोडवली, गुंडाळून खिशात घातली आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसले.

साहेब म्हणजे आमचे हेड ड्राफ्ट्समन. मशिनं बनवणाऱ्या कंपनीत तीस-पस्तीस माणसांच्या नाकातोंडाशी येईल इतकं काम ते एकट्याने तपासायचे. मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर होते. पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कापडावर शाईने गिरवून काढायचं, हे माझं काम. त्यावरून मग प्रिंटा निघायच्या आणि त्या कारखान्यात कामगारांच्या हाती जायच्या.

मी तिथे हौसेने गेले नव्हते. माझे पहिले यजमान त्याच कंपनीत लेथवर होते. कावीळ झाली, गावठी औषधात दिवस गेले आणि माणूस हातचा गेला. कडेवर मुलगी, घरी तळवड्याला एकटे सासरे. मी मॅट्रिक होते, अक्षर बरं होतं, म्हणून कंपनीने मला ड्रॉइंग ऑफिसात घेतलं. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्यापुढे कापड पसरलं आणि म्हणाले, "बाई, रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या. कापडावर पाण्याचा थेंब पडला की तिथे शाई धरत नाही."

मला असा संताप आला! हा काय माणूस की कोण, असं वाटलं. मग बघते तर साहेब बाकीच्यांना उठवत होते. "चला, चहा प्यायला चला. सगळे चला." कँटीनची वेळ झालेली नव्हती. ते सगळ्यांना घेऊन गेले, दार ओढून घेतलं आणि चांगला अर्धा तास कुणाला परत येऊ दिलं नाही. मी पोटभर रडले. परत आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खडूची भुकटी पुढे सरकवली आणि शाई धरावी म्हणून तिने कापड कसं पुसायचं ते दाखवलं.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. चहाचा कप डाव्या हाताने धरायचे, कारण उजव्या हाताला ऊब लागली तर घाम येतो. बोलण्यात एकच प्रश्न ठरलेला: "मोजलंत का?" कुणी म्हणालं, फार उकडतंय, की "मोजलंत का?" कुणी म्हणालं, आमची बायको फार बोलते, की "मोजलंत का?" लोक चिडायचे आणि पाठीमागे नक्कल करायचे. मीही करायची. पण त्यांच्या हाताखालून गेलेलं ड्रॉइंग कधी परत येत नसे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि चुकून एखादं आलंच, तर मग बघायला नको. चुकीच्या ड्रॉइंगची एकही प्रिंट कारखान्यात राहता कामा नये, हा नियम सगळीकडेच असतो. इतर ठिकाणी शिपाई पाठवतात. आमचे साहेब स्वतः जायचे. चालू मशीनसमोरच्या कामगाराच्या हातातून प्रिंट काढून घ्यायचे. एकदा एक प्रिंट काही केल्या सापडेना. शोधता शोधता कळलं की एका फिटरने तिच्यात भाकरी बांधली आहे. साहेबांनी त्याची भाकरी दोन्ही हातांत अदबीने परत दिली आणि तेलकट प्रिंट घेऊन आले. "कागद गेला तरी चालेल," म्हणायचे, "पण त्याच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी लोखंड कापतो."

आता थॉर्नवेलांचं सांगते. आमच्या कंपनीचं इंग्लंडमधल्या एका कारखान्याशी काही करारमदार होते. मशिनं बसवून द्यायला तिकडून एक गोरा इंजिनिअर आला होता, मी लागायच्या आधी. जाताना त्याने आपलं सामान वाटून टाकलं. कुणाला थर्मास, कुणाला रेनकोट, आणि साहेबांना एक जाडजूड पुस्तक. त्याच्या आजोळच्या परगण्याचा इतिहास होता तो. साहेब त्यातले नकाशे भिंग लावून पाहत असायचे, म्हणून दिलं. नकाशे पाहून संपले आणि साहेब शेवटच्या पानांवर पोचले. तिथे त्या परगण्यातल्या घराण्यांच्या वंशावळी होत्या.

त्यातलं एक घराणं थॉर्नवेलांचं. काळ ट्यूडर राजांचा, म्हणजे चारशे वर्षांमागचा. राजे नव्हेत की सरदार नव्हेत. "आपल्याकडचे वतनदार पाटील समजा," साहेब सांगायचे. मेंढ्या पाळायचे, लोकर विकायचे, आणि राजाने मठ मोडले तेव्हा एका मठाची जमीन त्यांनी पदरात पाडून घेतली. डब्याच्या सुट्टीत आम्ही भाकरी खात असू आणि साहेब कुठल्या थॉर्नवेलाने कुठल्या थॉर्नवेलाशी बांधावरून कसं भांडण केलं ते सांगत. ऐकता ऐकता आम्हाला ते लोक खेड-राजगुरुनगरकडचे वाटू लागले होते.

पुस्तकातली वंशावळ साहेबांना पसंत नव्हती. पुरुष ठळक आणि बायका कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोंबलेल्या. म्हणून त्यांनी ती नव्याने काढायला घेतली. कापडाचे उरलेले तुकडे जोडून, स्वतःच्या शाईने, फक्त डब्याच्या सुट्टीत. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि दोन्ही एका मापाचे. लग्नाला दुहेरी रेघ, मुलांना एकेरी. खाली कोपऱ्यात आमच्या ड्रॉइंगवर असतो तसा रकाना: काढणार, तपासणार, मंजूर करणार. तिन्ही ठिकाणी साहेबांचीच सही.

मी एकदा विचारलंच, "साहेब, ह्या गोऱ्या लोकांचं आणि आपलं काय नातं? कशाला एवढी डोळेफोड?"

ते पेन पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, माझ्या आजीचं माहेरचं नाव मला माहीत नाही. घरात सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. लग्नात तिचं नाव बदललं, माहेरी कुणी उरलं नाही, आणि ती मुलगी जगात होती याचा पुरावाच संपला. इथे चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या बायका नावानिशी सापडताहेत. निदान त्या तरी नीट मांडू."

लग्न न केलेला, दोन खोल्यांत एकटा राहणारा हा माणूस बायकांचा इतका विचार करत असेल असं मला वाटलं नव्हतं. मला त्या दिवशी ते फार आवडले.

एके दिवशी साहेब डबा टाकून ओरडले, "सापडली!" आम्हाला वाटलं, हरवलेली कंपासपेटी सापडली. सापडली होती ती एक बाई. थॉर्नवेलांचा थॉमस तरणाताठा गेला. मागे बायको ॲग्नेस आणि लहानगी कॅथरीन. पुढे ॲग्नेसचं काय झालं ते पुस्तकात कुठेच नाही. पण शेजारच्या गावातल्या रिचर्ड नावाच्या गृहस्थाने पुढच्याच वर्षी एका विधवेशी लग्न केलं होतं. तिचं नाव मार्गारेट. आणि त्या रिचर्डच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं: माझ्या घरी वाढलेली कॅथरीन थॉर्नवेल हिला दोन गाई आणि बिछाना द्यावा. रिचर्ड गेल्यावर आणखी पुढच्या गावात एका एडमंडने जोन नावाच्या विधवेशी लग्न केलेलं.

"आलं का लक्षात?" साहेबांचे डोळे चमकत होते. "ॲग्नेस, मार्गारेट, जोन. बाई एकच! प्रत्येक लग्नात नवऱ्याने नाव बदललं. म्हणून पुस्तकवाल्याला ती सापडली नाही. आणि मुलगी? मुलीला तिने बरोबर नेली. दुसऱ्याच्या घरात वाढली, पण नाव बापाचंच राहिलं. कॅथरीन थॉर्नवेल!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शंका यायचं कारणच नव्हतं. ऑफिसातल्या प्रत्येकाने आपल्या बायकोचं नाव लग्नात तांदळात अंगठीने लिहून बदललेलं होतं. माझंही बदललेलं होतं. त्या दिवसापासून साहेब तिला 'आपली बाई' म्हणू लागले. तिच्या तिन्ही वर्तुळांचं त्यांनी एक वर्तुळ केलं आणि त्यातून तीन दुहेरी रेघा काढल्या. इतका आनंदी माणूस मी कंपनीत दुसरा पाहिला नाही.

याच सुमारास माझ्यापुढे माझा प्रश्न येऊन उभा राहिला. इन्स्पेक्शनमध्ये परभणीकडचे एकजण होते. शांत, कामाशी काम. त्यांनी मला सरळ विचारलं, मुलीसकट. मला ते मनापासून हवे होते, यात लाजायचं काय? सासऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. बाजेवर बसले आणि म्हणाले, "लगीन कर. तुजं वय हाय. मी न्हाई म्हननार न्हाई. पर पोरगी हितं ऱ्हाईल."

मी म्हटलं, "मामंजी, तिला टाकून मी कशी जाऊ?"

"त्या घरी गेली की शाळंत त्येचं नाव लागंल. माज्या लेकाचं नाव आता येवढ्या एकाच जागी ऱ्हायलंय, तिच्या नावापुढं. ते बी पुसू?"

त्यांचंही काही खोटं नव्हतं. एकुलता एक मुलगा, सासूबाई कधीच गेलेल्या. पण मुलीला सोडून मी लग्न करणार नव्हते, आणि मुलीला ते सोडणार नव्हते. म्हणजे लग्न मोडल्यातच जमा होतं. मी कुणाला काही बोलले नाही. पण माझ्या रेघा जाड येऊ लागल्या आणि साहेबांनी ते हेरलं. खोदून विचारलं, मी सांगितलं. तर हा गृहस्थ आनंदाने टेबलावर थाप मारून म्हणतो, "अहो, मग हे तर आपल्या बाईचंच झालं!"

रविवारी साहेब सायकलवरून तळवड्याला हजर. पाठीला ड्रॉइंगची पत्र्याची नळी बांधलेली, पँटला क्लिपा लावलेल्या. ओसरीवर त्यांनी थॉर्नवेलांच्या वंशावळीची प्रिंट पसरली. सासऱ्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी चौकोन आणि वर्तुळं नीट न्याहाळली आणि पहिला प्रश्न टाकला, "जमीन किती?"

साहेबांनी सांगितली.

"बागाइत का जिराइत?"

"बाबा, तिकडे बारा महिने पाऊस."

"मंग बरं हाय त्यांचं," सासरे म्हणाले आणि मांडी घालून बसले.

साहेबांनी त्यांना बोट धरून रेघेवरून चालवलं. हा थॉमस, गेला. ही त्याची बायको. ही बघा ती दुसऱ्या घरी गेली. आणि ही पोरगी, ही पण तिच्याबरोबर गेली, पण नाव कुणाचं? थॉमसचं. घर बदललं, रेघ तुटली नाही. सासरे त्या छोट्या वर्तुळावर अंगठा ठेवून बसले. "सावत्र बापानं नाव बदललं न्हाई म्हनता?"

"नाही. उलट मरताना दोन गाई दिल्या."

सासऱ्यांनी हो म्हणायला आठवडा घेतला. मग एका सकाळी म्हणाले, "पोरीला ने. नाव तेवढं माज्या लेकाचं ऱ्हाऊ दे." परभणीकरांनी ते आनंदाने कबूल केलं. लग्न दिवाळीनंतर ठरलं. थॉर्नवेलांची ती प्रिंट सासऱ्यांनी मागून घेतली आणि देवाच्या फळीखाली खिळे ठोकून लावली. आल्यागेल्याला ते दाखवायचे, ही बाई, हे तिचं पहिलं घर.

दिवाळी झाली, लग्न तोंडावर आलं आणि तो गोरा इंजिनिअर परत आला. नवं मशीन बसवायला. साहेबांना कोण आनंद! चहाबिहा बाजूला ठेवून त्यांनी आधी वंशावळीचं कापड उलगडलं. गोऱ्याने कौतुकाने पाहिलं. मग एका वर्तुळातून निघालेल्या तीन दुहेरी रेघा बघून त्याने विचारलं, हे काय? साहेबांनी सांगितलं. तो हसायला लागला. वाईट हसला नाही, पण हसला.

त्याने जे सांगितलं ते मला त्याच्या इंग्रजीतूनसुद्धा कळलं. त्यांच्याकडे लग्नात बाईचं आडनाव जातं, पण स्वतःचं नाव कधीच बदलत नाही. ॲग्नेस ही जन्मभर ॲग्नेसच. मार्गारेट वेगळी, जोन वेगळी. विधवा तिकडे सर्रास लग्न करत, त्यामुळे या दोघी कुठल्यातरी दुसऱ्या विधवा. आणि कॅथरीन? त्या काळी असल्या घराण्यांत मुलांना लहानपणीच दुसऱ्यांच्या घरी धाडायची पद्धत होती, रीतभात शिकायला. तिला तशीच धाडली असणार. आईशिवाय.

गोरा गेला. साहेबांनी ब्लेड घेतलं आणि ती तीन रेघांची बाई कापडावरून खरवडून काढली. आम्ही कुणी जवळ गेलो नाही. मग ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, एक प्रिंट बाहेर आहे."

मी म्हटलं, "साहेब, राहू द्या ना. त्यांना कोण सांगायला जातंय? लग्न चार दिवसांवर आलंय."

"ड्रॉइंग चुकलंय."

"अहो, ते मशीनचं थोडंच आहे!"

"त्या कागदावर विश्वास ठेवून त्यांनी आपली नात द्यायचं ठरवलं," साहेब म्हणाले. "लोखंडापेक्षा जास्तच आहे की."

मी हात जोडले. रागावले. तुम्हाला माझं वाटोळं करायचं आहे का, असंही म्हणाले. ते ऐकून घेत राहिले. माझं काय होईल ते त्यांना कळत होतं. पण चुकीचं ड्रॉइंग बाहेर ठेवून ते घरी जाऊन जेवू शकत नव्हते. तसा तो माणूसच नव्हता. त्याच संध्याकाळी ते सायकलवरून तळवड्याला निघाले, आणि मी बसने त्यांच्या आधी घरी पोचून दाराशी उभी राहिले.

साहेब आले. पाणीही न पिता उभ्या उभ्या म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो कागद परत द्या."

साहेबांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. ती बाई एक नव्हती, तिघी होत्या. पोरगी आईबरोबर गेली नव्हती. तिला एकटीला परक्या घरी पाठवलं होतं. "तुम्ही हो म्हणालात ते माझ्या चुकीमुळे. आता तुम्ही मोकळे आहात. पुन्हा विचार करून काय ते ठरवा."

मी चौकट घट्ट धरून उभी होते. मुलगी अंगणात कोंबडीमागे धावत होती.

"म्हंजी त्या पोरीची आय जित्ती हुती?" सासऱ्यांनी विचारलं.

"असेल. माहीत नाही."

"केवढी हुती पोरगी?"

"पुस्तकात नाही. पण सात-आठ वर्षांची पाठवत, असं तो म्हणाला."

सासरे उठले. फळीखालचे खिळे त्यांनी बोटांनीच उपसले, प्रिंट काढली आणि उजेडाला धरून ते छोटं वर्तुळ पुन्हा एकदा पाहिलं.

"आईबिगर ऱ्हायली ती," ते म्हणाले. "दोन गाई दिल्या म्हून काय झालं. त्या लोकांनी ते बरं न्हाई केलं, साहेब." त्यांनी कागद साहेबांच्या हातात दिला. "तुमचा कागद चुकला. पर त्यो चुकला हे सांगाया तुमी सायकल हानत आलात, हिचं लगीन मोडंल हे म्हाईत असून. असा मानूस जिच्या पाठीशी हाय तिच्या पोरीचं नाव कोन पुसतंय?"

साहेब कागदाची गुंडाळी करत राहिले, आणि ती त्यांना नीट करता येईना.

"तुमच्या त्या तीन निगाल्या," सासरे म्हणाले. "आमची एकच हाय. आन् पोरगी तिच्यासंगं जाईल."